डाळीची गुंडी

१

वावर विकायच्या साठेखतावर सही झाली, पेढे तोंडात गेले, तिथेच रोडग्यांची पंगत उठली, आणि हात धुता धुता सुभद्राबाई गावंडे यांच्या मनात आलं की आपण घोडचूक केली.

का, ते मात्र त्यांना सांगता येईना. सही करायला कारणं तर ढीगभर होती.

सावरखेडी हे दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यालगतचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. इथे कुठेही खणा, पाणी खारंच लागतं. अशा गावात एकच विहीर गोड होती आणि ती होती सुभद्राबाईंच्या वावरात. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी नवरा महादेवराव विहीर खणायला उतरला आणि नव्या नवरीनं डोक्यावरून माती वाहिली. गाव हसलं. मग पाणी लागलं, महादेवरावांनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि विहिरीतूनच अशी आरोळी ठोकली की हसणारे धावत आले.

तेव्हापासून सावरखेडीत घरोघरी पाणी भरायची एक पितळेची लहान गुंडी असते. ती डाळीची गुंडी. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. ते प्यायला जपून ठेवायचं. बाकीच्या कामाला हातपंपाचं खारं पाणी. पण त्या पाण्यात तुरीची डाळ काही शिजत नाही. सिलिंडर संपेल, पण दाणा दाण्याला ओळख देणार नाही. म्हणून संध्याकाळी बाया गुंडी घेऊन सुभद्राबाईंच्या विहिरीवर यायच्या, पाणी न्यायच्या आणि तासभर गावाची उणीदुणी काढायच्या. महादेवराव गेल्यावर सुभद्राबाईंचा हाच दरबार होता. पाण्याबद्दल त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही.

आणि यंदा संक्रांत सरली तशी विहीर खारी झाली.

एका सकाळी त्यांनी चूळ भरली आणि थुंकून टाकली. पुढे चव बिघडतच गेली. वांग्याचा वाफा वाळला. खाऱ्या पाण्यात डाळ गळत नाहीच, म्हणून ते पाणी कुणी चुलीवर चढवेना, आणि बाया यायच्या थांबल्या. गावानं खापर फोडलं शेजारच्या बंडूच्या बोअरवर. त्यानं गेल्या पोळ्याला खोल बोअर मारली होती आणि खालचा खार वर ओढला, असं सगळे म्हणाले. सुभद्राबाईंनी त्या दिवसापासून बंडूशी बोलणं टाकलं.

मदतीला धावून आले ते धाकटे दीर रामराव. बाळापूरला भूगोलाचे मास्तर होते, आता निवृत्त. त्यांनी ओट्यावर खडूनं आकृती काढून दाखवली.

"वहिनी, वर गोड पान्याचा पातळ थर असते, अन् खाली खार. उपसा कराल तं खार आनखीन वर येईन. आता मोटर लावूच नका." आणि कुणी चुकून लावू नये म्हणून मोटरीचे फ्यूजसुद्धा ते स्वतः काढून घेऊन गेले.

वावराला गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. अकोल्याचे भगवंतराव कपले, सरकी-ढेपेचे व्यापारी. त्यांना रस्त्याकडेला गोदाम बांधायचं होतं, पाण्याशी देणंघेणं नव्हतं. सुभद्राबाईंनी विहिरीकडे पाहायचं टाळलं आणि सही केली. येत्या सोमवारी खरेदीखत व्हायचं होतं.

आता हात धुऊन झाले होते. रामराव हसत म्हणाले, "वहिनी, डोयात पानी काहून?"

"धूर गेला भाऊजी," त्या म्हणाल्या. चूल तर केव्हाच विझली होती.

२

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून अमरावतीला निघाल्या. देवीला लांबूनच हात जोडले आणि रिक्षानं राजापेठेत अ‍ॅडव्होकेट अश्लेषा देव यांच्या कचेरीत पोचल्या.

या वकीलबाईंबद्दल दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. त्या उलटतपासणीत माणसाची सालं काढतात, आणि त्यांना खायला फार आवडतं. स्वयंपाक मात्र येत नाही.

"सही कुणी जबरदस्तीनं घेतली?" अश्लेषाबाईंनी विचारलं.

"नाई."

"धाक दाखवला? भाव पाडून दिला?"

"नाई वो. भाव चांगला हाय. मानूसबी चांगला हाय."

"मग ताई, तक्रार काय आहे?"

"मले वाटून राह्यलं का मी चुकली."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "सही केल्यावर दहातल्या नऊ जणांना तसं वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर कोर्ट सही पुसत नाही. सोमवारी तुम्ही गेला नाहीत, तर ते कोर्टातून खरेदीखत करून घेतील."

सुभद्राबाईंनी पदर आवळला. आपण वेड्यासारखे इतक्या लांब आलो, असं त्यांना वाटलं. उठता उठता बोलून गेल्या, "जेवाच्या आधी काईच नव्हतं वाटलं. पंगतीत बसली अन् पोटात खड्डा पडला."

"काय होतं पंगतीत?" वकीलबाई एकदम सावरून बसल्या.

"रोडगे, वांग्याची भाजी अन् वरन. दुसरं काय राह्यते वावरात?"

"गोवरीवर भाजलेले रोडगे? तुपात बुडवून?" वकीलबाईंनी आवंढा गिळला. मग त्यांच्यातली वकील जागी झाली. "यातला कोणता घास घेतल्यावर खड्डा पडला?"

असला प्रश्न सुभद्राबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. पत्रावळ आठवली, कुस्करलेला रोडगा आठवला.

"वरनाचा. घास गेला अन् आमच्या मालकाची याद आली. रडूच आलं. तसं वरन घरी लय दिसांपासून झालं नाई."

"तसं म्हणजे कसं?"

"लोन्यावानी. दानाच दिसे नाई."

अश्लेषाबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझे वडील दर्यापूरला नोकरीत होते. सगळं लहानपण मी वरणातले दाणे चावले आहेत. ताई, ते वरण कोणत्या पाण्यात शिजलं?"

"भाऊजीनं अकोल्याहून कॅन आनल्या होत्या."

"हं. म्हणजे गोडं पाणी." वकीलबाईंचा चेहरा पडला. "मग त्यात नवल काही नाही."

सुभद्राबाई दारापर्यंत पोचल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. स्वयंपाक कुणी केला होता?"

"पार्बताबाईनं."

"मीही तुमच्याबरोबर येते. गाडीनं जाऊ. कॅनच्या पाण्यातल्या वरणानं कुणाला घरची आठवण येत नसते. मला त्या बाईच्या तोंडून ऐकायचंय."

३

पार्बताबाई म्हणजे सावरखेडीतल्या सगळ्या पंगतींची आचारीण. आवाज असा की वाढप्यांना शेवटच्या पानापर्यंत धाक. वकीलबाईंना पाहून मात्र ती चुलीपुढून हलेना.

"कॅनच्याच पान्यात केलं वो बाई वरन. मास्तरनं बजावलं होतं, पाव्हण्याईले इहिरीचं पानी दावाचं बी नाई."

"ताई तर म्हणतात, असं वरण गावात झालं नाही," अश्लेषाबाई पाटावर बसत म्हणाल्या. "मला स्वयंपाकातलं काही कळत नाही. पण वरणाच्या एवढ्या मोठ्या गंजाला मीठ किती टाकता?"

"मीट? मीट तं टाकलंच..." पार्बताबाईनं जीभ चावली.

 चुलीत एक काटकी तडकली.

"टाकलंच नाही, असंच ना?" वकीलबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मग वरण अळणी कसं झालं नाही?"

पार्बताबाईनं सुभद्राबाईंकडे पाहिलं आणि हात जोडले. "सुभद्रे, रागाव नको. कॅनी झाडाखाली ठेवल्या होत्या. बंडूचा गोऱ्हा सुटला अन् त्यानं धडक मारली. सारं पानी मातीत. मास्तर मले फाडून खाईन म्हून म्या गुपचूप इहिरीतून बादली काढली. पानी खारंच होतं, म्हून वरून मीट नाई घातलं. कोनाले समजलं बी नाई."

सुभद्राबाईंना आधी राग आला. मग तो जिथल्या तिथे थिजला.

"पारबते, खाऱ्या पान्यात डाळ गळली?"

"हो नं वं! मलेबी नवल वाटलं. म्हनलं इहीर खारी झाली, पन तिची माया गेली नाई."

अश्लेषाबाई उठून थेट वावरात गेल्या. बादली सोडली, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन खळखळवलं आणि थुंकलं. जरा वेळ विहिरीत वाकून पाहिलं. पाणी गढूळ हिरवं, तळ दिसत नव्हता.

"ताई, जमिनीतल्या खारात नुसतं मीठ नसतं. चुन्यासारखं बरंच काही असतं, आणि डाळ गळू देत नाही ते हेच. किराणा दुकानातल्या मिठात ते नसतं. जिभेला दोन्ही सारखीच लागतात." त्यांनी ओले हात झटकले. "तुमची विहीर खारी झालेली नाही. कुणीतरी ती खारी केली आहे."

सुभद्राबाईंनी काठाचा दगड धरला. ज्या विहिरीला त्यांनी मुकाट्यानं मेली समजून सोडून दिलं होतं, ती जिवंत होती. आणि सोमवारी ती परक्याच्या नावावर होणार होती.

"बंड्या!" त्या दात-ओठ खात म्हणाल्या. "त्याच्याच कोठ्यात मिटाचे पोते असतात."

४

पोती होती. बंडूनं लपवली तर नाहीच, उलट स्वतःच दाखवली.

"ढोराईले चाटाले ठेवतो. सारं गाव ठेवते." तो वकीलबाईंशी बोलत होता, पण नजर सुभद्राबाईंकडे. "काकू, तुमी मले बोलनं टाकलं. एक डाव इचारलं असतं तं."

"काय इचारू? माही इहीर नासवली तू!"

"बोअर कशाला मारलीत?" अश्लेषाबाईंनी मध्येच विचारलं.

बंडू चाचरला. "काकूच्या इहिरीवरून किती दिवस पानी मांगू? काकू पैसा घेत नाई. बायकोनं गुंडी उचलली का मले शरम वाटे. म्हनलं आपलं सोतःचं पानी पाहू. निघालं खारं. इहीर गोड होती तवा निदान डाळ शिजे. आता माह्या घरी बी कच्चीच खातो."

"विहिरीवर कोण कोण येतं सध्या?"

"कोनी नाई. बायाईनं येनं सोडलं. मास्तर तेवढे येतात, पान्याची परीक्षा कराले. त्यायले लय काळजी हाय."

 परतताना सुभद्राबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बंड्या नाई."

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "विहीर बिघडली की पहिलं नाव त्याचंच येणार, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय त्याच्याच घरची डाळ कच्ची राहिली. स्वतःच्या ताटात कुणी माती कालवत नाही. मला आता तुमच्या गिऱ्हाइकाला भेटायचंय. गोदाम बांधणाऱ्याला विहीर खारी करून काय मिळेल, तेवढं कळलं की झालं."

५

अकोल्यात भगवंतरावांच्या दुकानात ढेपेचा वास भरून राहिला होता. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, थंड पाणी मागवलं, पण शब्दाला ते पक्के होते.

"बाई, तुम्ही मोठ्या आहात, म्हणून नम्रपणे सांगतो. सही म्हणजे सही. मी त्या जागेसाठी दुसऱ्या दोन जागा सोडल्या. आता तुमचं मन बदललं, तर मी कुठं जाऊ?"

सुभद्राबाईंना त्यांचा राग येईना. माणूस खरं बोलत होता.

"बरोबर आहे तुमचं," अश्लेषाबाई म्हणाल्या. "एवढंच सांगा, गोदामात त्या विहिरीचं काय करणार? बुजवणार?"

"मी कशाला बुजवू? विहिरीचा कोपरा मास्तरांचा आहे."

सुभद्राबाईंच्या हातातला पेला तोंडापाशीच राहिला.

"मास्तरांचा?" वकीलबाईंनी अगदी सहज विचारलं.

"त्यांनी जागा मिळवून दिली. दलाली देऊ केली, तर घेईनात. म्हणाले, खरेदी झाली की विहिरीचा कोपरा मला काढून द्या, थोरल्या भावाची आठवण आहे. मला वाटलं, बिनकामाची खारी विहीर आहे, भावनेनं मागतोय बिचारा, घेऊ दे. बाईंना ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक नव्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी पेला खाली ठेवला.

त्या बाहेर येऊन गाडीत बसल्या. रामरावांना त्यांनी लहानाचं मोठं केलं होतं. डी.एड.ला त्यांचा डबा याच हातांनी भरला होता.

"भावाची याद म्हून असंन," त्या शेवटी म्हणाल्या. स्वतःलाच समजावत होत्या.

"आठवण जपायला विहीर घरातच होती की, ताई. आणि मास्तरांना ती खारी वाटत असती, तर त्यांनी दलाली सोडली असती का? आजूबाजूची सगळी गावं पाण्याचे जार विकत घेतात. अशा पट्ट्यात गोडी विहीर एकट्याच्या मालकीची झाली, तर तो काय करेल?"

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. रडू आलं होतं, पण ते आता पंगतीतल्यासारखं नव्हतं. त्यात संताप होता आणि त्यानं त्यांना बरं वाटलं.

"पन भाऊजी कबूल नाई होनार. त्यायचं बोलनं गोड हाय. गाव त्यायचंच आयकन."

"म्हणून आपण बोलायचंच नाही. रविवारी तुम्ही रोडग्यांचं जेवण द्या. भगवंतरावांना आत्ताच बोलावून येते. मास्तरांना तुमच्या तोंडून निरोप जाऊ द्या की, खरेदीच्या आधी विहिरीला शेवटचा नैवेद्य दाखवायचाय."

६

रविवारी सकाळी वावरात गोवऱ्या पेटल्या. रामराव पांढरा शुभ्र सदरा घालून आले, सगळ्यांना रामराम केला आणि वहिनीच्या पाया पडले. सुभद्राबाईंनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

गावातल्या बाया आल्या होत्या. येताना प्रत्येकीनं आपली डाळीची गुंडी आणावी, असा पार्बताबाईचा हुकूम होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. भगवंतराव लिंबाखाली सतरंजीवर बसले. त्यांच्या शेजारी वकीलबाई, रोडग्यांच्या राखेवर नजर लावून.

चुली दोन होत्या आणि गंजही दोन.

"दोन कशाला?" रामरावांनी विचारलं.

"एकात बंडूच्या बोअरचं पानी, एकात माह्या इहिरीचं," सुभद्राबाई म्हणाल्या. "डाळ एकाच पोत्यातली."

"वहिनी, खाऱ्या पान्यात वरन? पाव्हने आले अन् तुमी थट्टा करून राह्यल्या!"

"शिजू द्या मास्तर," भगवंतराव म्हणाले. "मला भूक आहे, घाई नाही."

जाळ झाला, उकळी फुटली. बाया गोळा झाल्या. डाळीचा प्रश्न निघाला की सावरखेडीच्या बाईला कुणी आवरू शकत नाही. हळूहळू एका गंजातली डाळ फुलली, फुटली आणि घोटायच्या आधीच मिळून आली. दुसऱ्या गंजात दाणे तळाशी खडखडत राहिले. पार्बताबाईनं दोन्हींतली एकेक पळी डाळ पत्रावळीवर ओतली आणि फिरवून दाखवली.

"दोन्ही पानी चवीले खारं," ती गरजली. "मंग सुभद्रेच्या इहिरीत डाळ कशी गळली? सांगा मास्तर, तुमी तं शिकवता!"

रामराव हसले. ते हसू जरा उशिरा आलं. "बाई, डाळीवरून कुठं भूगोल ठरते?"

"खरंय," अश्लेषाबाई उठल्या. "मग मोटर लावू. विहीर उपसून पाहू."

"नाही!" रामराव ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं, तसा त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे... खार वर येईन. म्या वहिनीले समजावून सांगतलं हाय."

"येऊ दे की. विहीर तर खारीच आहे, उद्या गोदामात जाणार. आणखी काय बिघडणार आहे?"

मास्तरांनी खिसे चाचपले. "पन फ्यूज बाळापूरले राह्यले," ते म्हणाले.

बंडू पुढे झाला. कोणाची परवानगी न विचारता त्यानं डबा उघडला, खिशातून नवे फ्यूज काढून बसवले आणि बटण दाबलं. मोटर खाकरली, गुरगुरली आणि पाइपातून पाण्याचा लोट पाटात कोसळला.

विहीर उतरू लागली. काठावर माणसांचं कडं झालं. रामराव कड्याच्या बाहेर राहिले. भगवंतराव मात्र पोट सावरत सगळ्यांत पुढे.

"तथी काय हाय?" कोणीतरी ओरडलं.

पाण्यातून आधी एक पांढरा कोपरा वर आला. मग दुसरा. खताची वाटावीत अशी नायलॉनची पोती, तोंडं सुतळीनं आवळलेली, पोटाला दगड बांधलेले. बंडू पायऱ्या उतरून गेला, एक पोतं फाडलं आणि मूठ भरून वर आला. मुठीत ओलं जाडं मीठ होतं.

बायांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

"कोनीबी टाकले असतीन!" रामराव म्हणाले. "बंडूच्याच कोठ्यात पोते आहेत!"

"असतील," अश्लेषाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण ही पोती तळाशी होती. उपसा केला की पाणी गोड होणार आणि पोती उघडी पडणार. म्हणजे ज्यानं टाकली, त्याला काही झालं तरी मोटर चालू द्यायची नव्हती. बंडूनं कधी मोटर बंद करायला सांगितली का? त्याच्या खिशात फ्यूज होते, ते तर लावायला. काढून कुणी नेले होते?"

सगळ्यांच्या नजरा रामरावांकडे वळल्या. सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि विहीर शेवटी कुणाला मिळणार होती?"

"मास्तरांना," भगवंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला भावाची आठवण सांगून गंडवलं याने. एकाच विहिरीत दोघांना बुडवलं."

"तुमचं एक चुकलं, मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही पाणी चाखून पाहिलंत. डाळ कधी लावून पाहिली नाहीत. चुलीपाशी तुमचं कधी काम पडलं नसेल."

रामरावांचा गोड आवाज फाटला. "मंग काय करू? सोन्याची खान हाय वावरात, अन् वहिनी फुकट वाटून राह्यली! जार भरून इकले असते तं साऱ्या घराचं सोनं झालं असतं. किती डाव सांगतलं. आयकलं का?"

"आयकलं होतं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या, तसं कडं आपोआप फाकलं. "अन् नाई म्हनलं होतं. माती म्या वाह्यली भाऊजी. तुमचा भाऊ खाली खनत होता अन् मी वरून टोपली ओढत होती. गावाले पानी द्याचं, हे त्यायनं पहिल्या ओंजळीसंग बोलून ठेवलं. तुमी मागतलं असतं तं वावरातला तुकडा देला असता. इहिरीत मीट टाकाले तुमचा हात कसा धजला?"

रामराव पाठ फिरवून दोन पावलं मागे सरले.

अश्लेषाबाई भगवंतरावांकडे वळल्या. "दलाल तुमचा, दलाली तुम्ही कबूल केली. त्यानं फसवून घेतलेली सही कोर्टात तुमच्याच गळ्यात येईल. भांडायचंय?"

"भांडतो कशाला?" भगवंतरावांनी पिशवीतून साठेखत काढलं, उभं फाडलं, आडवं फाडलं आणि चुलीत घातलं. "बाई, इसार सवडीनं द्या. माझं गोदाम तेवढं राहिलं."

"माह्या वावराची रस्त्याकडची पट्टी पाहा नं शेटजी," बंडू ओशाळून म्हणाला. "पानी खारं हाय, पन ढेपीले काय फरक पडते?"

भगवंतराव आधी त्याच्याकडे आणि मग रस्त्याकडे पाहू लागले. व्यापारी माणूस, जेवायच्या आधीच त्यांनी पावलं टाकून पट्टी मोजून घेतली.

बंडूनं तोवर एकेक करून सगळी पोती वर काढली. पाइपाखाली पार्बताबाई ओंजळ धरून बसली होती. दर थोड्या वेळानं चाखायची आणि डोकं हलवायची. मग एकदा ती थांबली. पुन्हा चाखलं. आणि महादेवरावांनी पूर्वी विहिरीतून ठोकली होती, तशीच आरोळी तिनं काठावरून ठोकली.

"गोड वं सुभद्रे! गोड!"

सुभद्राबाईंनी स्वतः ओंजळ धरली, प्यायल्या, आणि सगळ्यांसमोर हसत हसत रडल्या. मग पदर खोचला.

रामराव बांधाच्या कडेकडेनं आपल्या स्कूटरकडे सरकत होते.

"भाऊजी!" त्यांनी हाक मारली. "माह्या वावरातून कोनी उपाशी गेलं नाई. बसा."

वकीलबाईंनी सुभद्राबाईंजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, पोलिसात कधी जायचं?"

"उद्या. सोमवारी तसंबी जाचंच होतं. आता जेवू द्या."

पंगत बसली. लोण्यासारखं वरण पानापानावर सांडलं, तुपाची धार पडली. अश्लेषाबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि माझी फी आली, असं जाहीर केलं. वाढता वाढता सुभद्राबाई रामरावांच्या पानापाशी आल्या. त्यांनी मागे हात केला आणि पार्बताबाईनं त्यांच्या हातात दुसऱ्या गंजातली पळी दिली. बंडूच्या बोअरच्या पाण्यातली डाळ रामरावांच्या रोडग्यावर पडली, दाणा न् दाणा वेगळा.

"खा भाऊजी," त्या म्हणाल्या. "सारं गाव चार महिने हेच खाऊन राह्यलं."

 रामरावांनी घास उचलला. दाणे त्यांच्या दाताखाली वाजले ते शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं.

मग सुभद्राबाईंनी हात धुतले. या वेळी मनात काही खुपलं नाही. विहिरीच्या काठावर पितळेच्या गुंड्यांची रांग लागली होती. त्यांनी बादली सोडली, वर ओढली आणि सगळ्यांत आधी बंडूच्या बायकोची गुंडी भरली.